तेलविहिरींवरची जुनी यंत्रं उघड्यावर कशी जपायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तेलक्षेत्रावरचं जुनं इंजिन, पंपजॅक (विहिरीवर डोलत तेल उपसणारं यंत्र), खोदाईचा मनोरा किंवा रिव्हेट मारलेली टाकी मोकळ्या आवारात मांडली की खरी देखभाल तिथून सुरू होते. आम्ही हे काम बरीच वर्षं करत आहोत. बघायला येणारे लोक, दुसऱ्या संग्रहालयांतले सहकारी आणि असं एखादं यंत्र ताब्यात असलेले लोक जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे झालेली चूक पुन्हा दुरुस्त करता येत नाही.

इतकी मोलाची यंत्रं उघड्यावर का ठेवता? छप्पर का घालत नाही?

जिथे जमेल तिथे घालावंच. इंजिनं, दाबमापक, लाकडी चाकं, चामड्याचे पट्टे यांना छप्पर हवं. भिंती नसलेली साधी शेडसुद्धा मोठं काम करते: थेट पाऊस अडतो आणि वारा खेळता राहतो. पण खोदाईचा मनोरा किंवा विहिरींवरचे पंप ओढणाऱ्या दांड्यांची शेकडो फूट पसरलेली रांग छपराखाली मावत नाही. ती यंत्रं मुळात ऊन-पावसात उभी राहण्यासाठीच बनवली होती. फरक एवढाच की तेव्हा त्यांना रोज वंगण मिळत होतं आणि रोज कुणीतरी त्यांच्याकडे बघत होतं.

ताडपत्री मात्र टाळा. यंत्र घट्ट गुंडाळून ठेवलं की जमिनीतली ओल आत अडकते, रात्री लोखंड गार झालं की त्याला घाम सुटतो आणि तो वाळायला वाट राहत नाही. सहा महिन्यांनी ताडपत्री काढल्यावर उघड्यावरच्या यंत्रापेक्षा झाकलेलं यंत्र जास्त गंजलेलं निघालेलं आम्ही पाहिलं आहे.

उघड्यावर सगळ्यात जास्त नुकसान कशाने होतं?

साचलेल्या पाण्याने. पडून वाहून जाणारा आणि उन्हात वाळणारा पाऊस त्या मानाने कमी त्रास देतो. खोबणीत, दोन पत्र्यांच्या फटीत, फ्लायव्हीलच्या कडेला, उघड्या पाइपाच्या तोंडात राहणारं पाणी यंत्र खातं. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की उघड्या लोखंडाचं गंजणं झपाट्याने वाढतं. लोखंडावर मीठ असेल तर त्याहून कोरड्या हवेतही ते चालूच राहतं.

आणि तेलक्षेत्रावरच्या सामानात मीठ असतंच. विहिरीतून तेलाबरोबर खारं पाणी वर येतं, कित्येकदा समुद्राच्या पाण्याहूनही खारं. ते वर्षानुवर्षं व्हॉल्व्ह, नळ्या आणि टाक्यांच्या तळातून फिरलेलं असतं. गंजाच्या खड्ड्यांत बसलेलं हे मीठ न काढता वरून कितीही भारी रंग दिला, तरी थोड्याच दिवसांत रंगाला फोड येतात. म्हणून आधी स्वच्छ गोड्या पाण्याने, कमी दाबाने, पुन्हा पुन्हा धुवायचं. धुतलेल्या पाण्याची विद्युतवाहकता मोजत राहायचं (मीठ जास्त तितकी ती जास्त) आणि ती उतरून स्थिर झाली की मगच थांबायचं.

रिव्हेट मारलेली टाकी कधी जवळून बघा. दोन पत्रे जिथे एकमेकांवर चढतात तिथे आत गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा लागते. मग पत्रे हळूहळू फुगून एकमेकांपासून सुटतात, मधली रेघ लाटेसारखी वाकडी होते आणि शेवटी रिव्हेटचं डोकं उडतं. बाहेरून रंग ठणठणीत दिसत असतानाच हे चाललेलं असतं.

आमची एक सवय कुणीही उचलावी अशी आहे. पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासाने हातात खडू घेऊन आवारात फिरायचं आणि जिथे पाणी उभं दिसेल तिथे खूण करायची. पुढच्या महिन्याचं काम तेवढंच. कुठे जुनी झाकणी उघडली की निचरा होतो, कुठे यंत्र एका बाजूने बोटभर उचललं की भागतं. उघड्या नळीला टोपण बसवायचं, पण खालचं तोंड मोकळं ठेवायचं. मूळ धातूला नवं भोक पाडणं हा अगदी शेवटचा उपाय आहे; पाडलंच तर कुठे, कधी आणि का, हे नोंदवहीत लिहायचं.

यंत्र थेट जमिनीवर ठेवलं तर चालतं का?

नाही. मातीची ओल आणि गवत दोन्ही त्याला लागतात. उताराचा काँक्रीटचा चबुतरा किंवा निचरा होणारा खडीचा थर हवा. लोखंड आणि काँक्रीट यांच्यामध्ये कडक प्लास्टिकचे किंवा तत्सम पाणी न धरणारे तुकडे द्या. खाली हात घालून साफ करता येईल एवढी फट ठेवा. वाळलेली पानं आणि पक्ष्यांची घरटी स्पंजासारखी ओल धरतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करू नका. ज्या यंत्रातून अजून तेल पाझरतं त्याखाली पसरट ट्रे ठेवा आणि तो पावसाने भरून वाहणार नाही याची काळजी घ्या.

नवं यंत्र संग्रहात आलं की पहिलं काम कोणतं?

त्याला हात न लावणं. ब्रश, पाणी, वंगण काहीही नाही. आधी सगळ्या बाजूंनी फोटो, मापं, नावाच्या पट्टीवरचे आकडे, ओतकामातली अक्षरं, रंगाचे उरलेले थर, खडूने किंवा रंगाने लिहिलेले विहिरीचे क्रमांक. सुटं करायचं असेल तर प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजूंना जुळणाऱ्या खुणा. आणि या यंत्रावर काम केलेलं कुणी हयात असेल तर आधी त्यांच्याशी बोलणं. लोखंड आणखी वर्षभर थांबू शकेल. माणसं थांबतीलच असं नाही.

हे आम्ही ठेच लागल्यावर शिकलो. सुरुवातीच्या काळात एक गॅस इंजिन उत्साहाने वाळूच्या माऱ्याने साफ केलं. नंतर जुन्या फोटोत दिसलं की त्याच्या बाजूवर पांढऱ्या रंगात विहिरीचा क्रमांक आणि खाली कुणाची तरी आद्याक्षरं होती. इंजिन आज सुंदर दिसतं, पण ते कोणत्या विहिरीवर चाललं हे आता फक्त त्या एका फोटोत उरलं आहे.

जुन्या सामानात धोकादायक काही असतं का?

असतं, आणि हा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी विचारतात. तो सगळ्यात आधी विचारायला हवा.

नळ्या आणि व्हॉल्व्हच्या आत बसलेल्या कठीण पांढुरक्या थरात नैसर्गिक रेडियम असू शकतं. भूगर्भातल्या पाण्याबरोबर ते वर येतं आणि बेरियम सल्फेटसारख्या क्षारांच्या थरात अडकतं. बाहेर उभं राहून बघणाऱ्याला त्याचा सहसा धोका नसतो. धोका असतो तो थर खरवडताना उडणारी धूळ श्वासात जाण्याचा. म्हणून आधी किरणोत्सर्ग मोजणाऱ्या उपकरणाने तपासून घ्या आणि काटा हलला तर ग्राइंडर लावू नका, तज्ज्ञ बोलवा. विहिरीत सोडून मोजमापं घेणाऱ्या जुन्या उपकरणांत किरणोत्सारी स्रोत बसवलेले असायचे. ते अधिकृतपणे काढल्याचा कागद हातात आल्याशिवाय असं उपकरण स्वीकारूच नका.

गंधकयुक्त तेल साठवलेल्या टाकीच्या आतल्या भिंतीवर लोह सल्फाइडचा काळा थर बसतो. टाकी उघडून तो वाळू लागला की हवेतल्या ऑक्सिजनने आपोआप तापतो आणि पेट घेऊ शकतो. आत वाफा राहिल्या असतील तर पुढे काय होईल ते सांगायला नको. असा थर ओलाच ठेवून काढतात. त्याच टाक्यांत हायड्रोजन सल्फाइडही असू शकतो. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. त्यामुळे वास येत नाही म्हणजे वायू नाही, असं समजू नका.

टाकी पूर्ण रिकामी, कोरडी आणि वर्षानुवर्षं बंद असली तरी आत शिरू नका. लोखंड गंजताना हवेतला ऑक्सिजन वापरतं. बंद टाकीत तो माणूस बेशुद्ध पडेल इतका कमी होऊ शकतो. हवेची तपासणी, बाहेर उभा राहणारा साथीदार आणि दोरी यांच्याशिवाय कुणीही आत जायचं नाही. तेलाच्या रिकाम्या पिंपाला किंवा टाकीला गॅस कटर लावणं तर जीवघेणं आहे.

याशिवाय जुन्या गास्केटांत, वाफेच्या नळ्यांवरच्या वेष्टनात आणि ब्रेकच्या पट्ट्यांत अॅस्बेस्टॉस, जुन्या लाल प्रायमरमध्ये (रंगाखालच्या पहिल्या थरात) शिसं आणि वायू मोजणाऱ्या काही जुन्या मीटरांत पारा असतो. शेंदरी रंगाचा तो प्रायमर बघितला की कोरडा घासायचा नाही, एवढं प्रत्येक स्वयंसेवकाला पहिल्याच दिवशी सांगा.

गंज पूर्ण काढायचा की राहू द्यायचा?

सुटा गंज, पोपडे आणि खवले काढायचे. लोखंडाला घट्ट चिकटलेला, पातळ, गर्द तपकिरी थर बहुतेक वेळा राहू द्यावा. वाळूचा जोरदार मारा यंत्राचं वय पुसून टाकतो.

दोरखंडाच्या पद्धतीने विहीर खोदणाऱ्या रिगची छिन्नी हे याचं चांगलं उदाहरण आहे. या पद्धतीत पोलादी छिन्नी दोराला टांगून वर उचलायची आणि खडकावर आपटायची, दिवसरात्र. छिन्नीची धार झिजली की रिगजवळच्याच भट्टीत ती लाल करून, घण मारून पुन्हा मापात आणायची. आमच्याकडच्या एका छिन्नीच्या टोकाला घणाचे चपटे ठसे आहेत, एकावर एक चढलेले. बोटं फिरवली की कळतं, मारणाऱ्या हाताचा कल थोडा डावीकडे होता. ते ठसे दीड-दोन मिलिमीटर खोल आहेत. तासाभराच्या वाळूमाऱ्याने त्यांच्या कडा गेल्या असत्या.

लहान भागांसाठी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात सौम्य वीजप्रवाह सोडून गंज सोडवण्याची पद्धत उत्तम आहे. मूळ धातूला ती जवळजवळ धक्का लावत नाही. विजेच्या दुसऱ्या, म्हणजे धन टोकाला साधं पोलाद लावा. स्टेनलेस लावू नका, कारण त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. काम मोकळ्या हवेत करा, त्यातून हायड्रोजन निघतो.

मग वरून काय लावायचं?

एकच उत्तर नाही. मूळ रंग शिल्लक असेल तर तो धुवून, वाळवून त्यावर सूक्ष्मस्फटिकी मेण. ते दरवर्षी लावावं लागतं, पण सहज निघतं आणि खालचं काही झाकत नाही. रंग नसलेल्या, हाताने साफ केलेल्या गंजक्या लोखंडावर टॅनिक आम्लाचा हात दिला की निळसर काळा स्थिर थर तयार होतो. त्यावर मेण किंवा लॅनोलिनचा लेप. फिरत्या भागांना नेहमीचं ग्रीस.

रंग गेलेल्या मोठ्या टाक्या किंवा पोलादी मनोरे असतील, तर इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर पॉलियुरेथेन. नुसतं इपॉक्सी उन्हात पावडर होऊन झडतं. जस्तयुक्त प्रायमर लखलखीत साफ केलेल्या पृष्ठभागावरच धरतो. गंजाच्या थरावर तो वाया जातो. आणि दिवस बघून रंगवा: आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली आणि लोखंडाचं तापमान दवबिंदूच्या (ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन बसते त्याच्या) निदान ३ अंश सेल्सिअस वर. सकाळी लवकर रंगवायला घेण्याची घाई हे रंग सुटण्याचं अगदी नेहमीचं कारण आहे.

मूळ छटा शोधायची असेल तर एका कोपऱ्यात थर एकेक करून घासून बघा आणि तो तपासलेला कोपरा तसाच ठेवा.

बिडाचा भाग फुटला तर वेल्डिंग करावं का?

बीड ठिसूळ असतं. नेहमीच्या वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारी नवी चीर जाते. चिरेवर टाके घातल्यासारख्या धातूच्या चाव्या गार अवस्थेत ठोकून बसवण्याची पद्धत जास्त सुरक्षित आहे. भार घ्यायचा नसेल तर बाहेरून पट्टी आवळूनही भागतं. गोठणारी थंडी पडणाऱ्या ठिकाणी इंजिनाच्या जाकिटातलं, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पोकळीतलं पाणी हिवाळ्याआधी काढाच. बर्फ होताना पाणी सुमारे ९ टक्क्यांनी फुगतं आणि सिलिंडर उभा चिरतो.

लाकडी मनोरे कसे टिकवता?

लाकडाचं मर्म जमिनीजवळ असतं. ओलाव्याचं प्रमाण २० टक्क्यांच्या वर राहिलं की बुरशी कामाला लागते, त्यामुळे तळाच्या तुळया आधी कुजतात आणि वरचं सगळं ठीक दिसत राहतं. दरवर्षी टोच्याने तळ टोचून बघा. कुजलेला तेवढाच भाग कापून त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडा आणि त्यावर दुरुस्तीचं वर्ष कोरा. मनोऱ्याला ताण देणारे तारेचे दोर बाहेरून चांगले दिसले तरी आतून गंजतात. भार घेणारे दोर नवे घाला आणि जुना दोर आत जपून ठेवा. आकाशातल्या विजेपासून वाचवणारा तडितरक्षक विसरू नका.

यंत्रं चालू करून दाखवावीत का?

माझं मत: काही दाखवावीत, सगळी नाही. प्रत्येक फेरीत काहीतरी झिजतं. बेअरिंग बदललं की मूळ बेअरिंग गेलं. एकुलतं एक उरलेलं यंत्र शांत उभं राहू द्यावं.

पण स्थिर लोखंडाकडे बघून न कळणाऱ्या गोष्टीही आहेत. एकाच इंजिनाने चहूकडच्या विहिरी उपसण्याची जुनी पद्धत घ्या. मध्यभागी विलक्षक चाक (ज्याचा आस केंद्रापासून बाजूला असतो असं चाक) फिरतं आणि त्याला जोडलेले लांबच लांब दांडे प्रत्येक विहिरीवरचा पंप पुढे-मागे ओढतात. कॅनडात ऑन्टॅरिओतल्या ऑइल स्प्रिंग्ज इथे जे. एच. फेअरबँक यांनी १८६० च्या दशकात रूढ केलेली अशी व्यवस्था आजही खरं तेल उपसते आहे. लाकडी दांडे खांबांना टांगलेले आहेत आणि ते झाडांमधून कुरकुरत पुढे-मागे झुलतात. एक विहीर वर ओढली जात असताना दुसरी खाली येते. दोघींचा भार एकमेकींना तोलतो, म्हणून लहानसं इंजिनही पुरतं. हे चित्रात समजावायला पानभर मजकूर लागतो. झुलता दांडा बघितला की लहान मुलालाही कळतं.

पेनसिल्व्हेनियाच्या तेलक्षेत्रात इंजिनांच्या धुराड्यावर आवाज वाढवणारं भांडं बसवायचे. प्रत्येक इंजिनाचा आवाज वेगळा, त्यामुळे देखरेख करणाऱ्याला दुरूनच कळायचं की कुठलं इंजिन बंद पडलं. हा आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवणं हेही जतनच आहे, आणि ते यंत्र न झिजवता वारंवार ऐकवता येतं.

अडकलेलं इंजिन चालू करायचंच असेल तर सांध्यांत भिनणारं तेल घाला आणि आठवडे, वेळ पडली तर महिने थांबा. लांब पहार घालून फ्लायव्हील हिसकावू नका. प्रात्यक्षिकाला मूळ दाबाची गरज नसते. विजेच्या लहान मोटरवर किंवा कमी दाबाच्या हवेवर संथ गतीने फिरवा. वाफेचा बॉयलर मात्र अधिकृत तपासणी झाल्याशिवाय पेटवायचा नाही.

प्रतिकृती ठेवणं म्हणजे फसवणूक नाही का?

ती प्रतिकृती आहे असं स्पष्ट लिहिलं तर नाही. पेनसिल्व्हेनियात टायटसव्हिलजवळ एडविन ड्रेक यांच्या विहिरीला २७ ऑगस्ट १८५९ रोजी साडेएकोणसत्तर फुटांवर तेल लागलं. मूळ इमारत त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जळाली. आज तिथे उभी असलेली लाकडी रचना नंतर बांधलेली आहे, पण जागा तीच. टेक्सासमध्ये बोमॉन्टला १० जानेवारी १९०१ रोजी स्पिंडलटॉप इथे उडालेल्या तेलाच्या फवाऱ्याची आठवण पाण्याचा फवारा उडवून करून देतात.

याउलट पोलंडमधल्या बोब्रका इथे, जिथे इग्नात्सी वुकाशेविच यांनी १८५४ मध्ये तेलखाण सुरू केली, माणसांनी हाताने खणलेल्या विहिरी अजून आहेत. त्यांना ‘फ्रानेक’ आणि ‘यानिना’ अशी माणसांची नावं आहेत. अशा विहिरीच्या काठावर उभं राहून तेलाचा वास घेणं कोणत्याही प्रतिकृतीत शक्य नाही.

यंत्र मूळ जागी ठेवावं की संग्रहालयात आणावं?

शक्यतो मूळ जागी. औद्योगिक वारशाबद्दलच्या २००३ च्या निझनी तागिल सनदेचाही कल तोच आहे: जागेवर जतनाला प्राधान्य, आणि केलेले बदल उलटवता येतील असे. विहिरीपासून तोडलेला पंपजॅक हा फक्त डोलणारा दांडा राहतो. पण जागा विकली जात असेल, भंगारवाला दारात उभा असेल, तर हलवा. हलवण्याआधी पाया, पाइपांचे मार्ग आणि आसपासच्या इमारती यांची मोजणी करून घ्या.

लोक यंत्रांवर चढतात. काय करता?

प्रत्येक यंत्राला कुंपण घातलं तर माणूस त्याच्यापासून तुटतो. आम्ही मनोऱ्याच्या शिडीचा खालचा भाग काढून आत ठेवला आहे, फिरत्या चाकांना जाळी आहे, आणि हात लावायला मुद्दाम काही वस्तू मोकळ्या ठेवल्या आहेत: एक छिन्नी, एक जड पाना, पंपदांड्याचा एक तुकडा. पाना उचलून बघितलेला माणूस बाकीच्या यंत्रांकडे वेगळ्या नजरेने बघतो.

माहितीफलकावर तेलाने केलेलं नुकसानही लिहावं का?

हो. दूषित जमीन आणि पाणी, विहिरींच्या आगी, तुटलेली बोटं, गॅसने गेलेले जीव आणि जळलेल्या इंधनाने तापलेली हवा, हे सगळं याच यंत्रांशी जोडलेलं आहे. आणि ज्या रॉकेलने घराघरांत रात्रीचा उजेड आला तेही. दोन्ही एकाच फलकावर, सारख्या अक्षरात लिहा.

वर्षभरात किती काम पडतं?

एका मध्यम इंजिनाला वर्षातून तीन-चार दिवस पुरतात: धुणं, वाळवणं, मेण, ग्रीस, फोटो. गेल्या वर्षीचा फोटो त्याच कोनातून पुन्हा काढला की बदल लगेच दिसतो. दहा वर्षं काही न करता मग एकदम मोठा जीर्णोद्धार काढला, तर खर्च कित्येक पट होतो आणि मूळ लोखंड कमी उरतं. देणगीदारांना जीर्णोद्धाराचं उद्घाटन आवडतं. त्यांना ग्रीसच्या डब्याचं महत्त्व पटवणं हे आमचं सगळ्यात चिवट काम आहे.

आमच्याकडे असं एक जुनं यंत्र पडून आहे. आज लगेच काय करू?

रंगवू नका, घासू नका. चहूबाजूंनी फोटो काढा, पट्टीवरचे आकडे उतरवून घ्या. वर तोंड करून उघड्या असलेल्या नळ्यांवर टोपणं ठेवा, भोवतीचं गवत काढा, साचलेलं पाणी निघतं का बघा. बंद टाकी असेल तर ती उघडू नका. शेजारी पडलेले सुटे नट-बोल्ट, गंजलेले पाने, तेलाने माखलेल्या नोंदवह्या एका पेटीत भरून यंत्राच्याच नावाने ठेवा. मग जवळच्या औद्योगिक वारसा संस्थेला किंवा संग्रहालयाला ते फोटो पाठवा, आणि यंत्र कुठून आलं, ते कोण चालवायचं, हे आठवेल तेवढं सोबत लिहा.